नर्सिंगच्या मुलींना डिजिटल आरोग्य साक्षरता शिकवताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

दर वर्षी नवी बॅच सुरू झाली की ठाणे, ऐरोली, नेरूळकडच्या नव्या ट्यूटर मैत्रिणींचे फोन येतात. "मॅडम, डिजिटल हेल्थ लिटरसीचं सेशन घ्यायचंय, तुमचा पीपीटी पाठवाल का?" डिजिटल आरोग्य साक्षरता म्हणजे फोनवरून आरोग्याची माहिती आणि सेवा शोधता, पारखता आणि वापरता येणं. मी पीपीटी पाठवत नाही, कारण घोळाची सुरुवात तिथूनच होते. दोन तासांत बारा अ‍ॅप दाखवायची, मुलींनी ती डाउनलोड करायची, रजिस्टरमध्ये "सेशन घेतले" लिहायचं. मग त्याच मुली कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे वस्तीत घरोघरी कामाला जातात आणि पेशंटचा फोन स्वतःच्या हातात घेऊन सगळं उरकून येतात. पेशंट जिथल्या तिथे.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला इन्फर्मेटिक्सचा (आरोग्यातल्या माहिती-तंत्रज्ञानाचा) विषय आता आहेच. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमालाही हेल्थ टॉक आणि पोस्टिंगच्या वेळात हे बसवता येतं. खालचा क्रम मी दोन-दोन तासांची सहा सत्रं आणि एक आठवडा पोस्टिंग धरून लिहिलाय. फार्मसी, फिजिओथेरपी किंवा लॅब टेक्निशियनच्या मुलांना शिकवत असाल तर प्रश्न बदला, क्रम तोच ठेवा. अ‍ॅप सहाव्या टप्प्यावर येतात, त्याआधी नाही.

## तयारी: सत्राच्या पंधरा दिवस आधी

प्रश्न गोळा करा. ओपीडीच्या रांगेत, लसीकरणाच्या दिवशी, औषधाच्या खिडकीजवळ लोक काय विचारतात ते पंधरा दिवस वहीत लिहा. नाव, वय, पत्ता काही नको, फक्त प्रश्न. आणि तो त्यांच्याच शब्दांत. "प्लेटलेट काउंट कमी" असं लिहिलंत तर वही वाया गेली. बाई म्हणते, "पेशी कमी झाल्यात, काय खायला देऊ?" तेच लिहा. "शुगर २१० आलीये, भात बंद करू का?", "डेंग्यू निगेटिव्ह आला तरी ताप का उतरत नाही?", "गोळीनं किडनी खराब होते म्हणतात, खरंय का?" असे तीसेक प्रश्न जमले की पुरे. मुंब्रा, तुर्भे, दिघा भागात निम्मे प्रश्न हिंदीतून येतील, ते हिंदीतच लिहा.

जुने फोन मिळवा. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हे शिकवू नका. पेशंटकडे असतो चार-पाच वर्षांचा अँड्रॉइड, काचेला तडा, स्टोरेज फुल, नेटपॅक संपत आलेला. स्टाफरूममधून असे तीन-चार फोन गोळा करा, रिसेट करा, भाषा मराठी करा आणि अक्षरं सगळ्यात मोठी करा. मुलींना पहिला धक्का इथेच बसतो. आयुष्यभर इंग्रजी मेनू वापरलेला असतो, मराठी मेनूत त्यांना साधं वाय-फाय सापडत नाही. शिवाय अक्षरं मोठी केली की "पुढे" हे बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि "मॅडम, इथे बटणच नाहीये" सुरू होतं. हे वर्गात झालं तर बरं, पेशंटसमोर नको.

परवानगी. आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरना लेखी पत्र द्या. त्यात "विद्यार्थिनी कोणाचाही आधार क्रमांक, ओटीपी किंवा रिपोर्ट स्वतःच्या फोनमध्ये घेणार नाहीत" हे वाक्य हवंच.

तपासा: सत्राच्या आदल्या दिवशी सगळ्या पायऱ्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यावर करून बघा. सरकारी पोर्टलची स्क्रीन कधी बदलेल सांगता येत नाही. गेल्या वर्षीच्या स्क्रीनशॉटवर शिकवणं हा ट्यूटर लोकांचा सगळ्यात आवडता आळस, माझाही होता.

## १. मुली कुठे आहेत ते आधी बघा

इथे बहुतेक जण प्रश्नावली भरून घेतात. ईहील्स नावाची आठ प्रश्नांची प्रसिद्ध मापनपट्टी आहे, ८ ते ४० गुणांची. ती वापरायला हरकत नाही, पण ती मोजते विद्यार्थिनीचा स्वतःबद्दलचा विश्वास. "इंटरनेटवरची चांगली आणि वाईट माहिती मला ओळखता येते" या वाक्यापुढे एकोणीस वर्षांची मुलगी "पूर्ण सहमत" सोडून काय लिहिणार?

म्हणून प्रश्नावलीनंतर लगेच काम द्या. वहीतला एक प्रश्न, वीस मिनिटं, फोनचा स्क्रीन रेकॉर्डर चालू. शेवटी कागदावर चार ओळी: काय टाइप केलं, काय उघडलं, त्यावर विश्वास का ठेवला, पेशंटला काय सांगशील. मग जोड्या करून एकमेकींचं रेकॉर्डिंग बघायला लावा. बोट कुठे थांबतं ते बघा. बहुतेकींचं सगळ्यात वरच्या उत्तराच्या चौकटीतच थांबतं, खाली कोणी सरकतच नाही. हे तुम्ही सांगायची गरज पडत नाही, रेकॉर्डिंगमध्ये दिसतं.

थांबा: या सत्रात कोणाचं उत्तर चूक आहे हे सांगू नका. हे कागद जपून ठेवा, आठव्या टप्प्यावर लागतील.

## २. प्रश्न कसा टाइप करायचा

हा टप्पा घाईत उरकू नका. एक अख्खं सत्र एकाच प्रश्नावर घालवा: पेशी.

पावसाळ्यात ठाण्यात डेंग्यूचा पेशंट म्हटला की घरातलं कोणीतरी "पेशी वाढवण्यासाठी काय खावे" हे शोधतंच. मुलींना तीन गटांत वाटा. पहिल्या गटानं हेच शब्द टाइप करायचे. दुसऱ्यानं "डेंग्यू धोक्याची लक्षणे". तिसऱ्यानं इंग्रजी वैद्यकीय शब्द. मग तिन्ही गटांचे पहिले पाच निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

पहिल्या गटाच्या पदरात पपईचं पान, किवी, ड्रॅगन फ्रूट आणि बकरीचं दूध पडतं. दुसऱ्याला पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा ही यादी मिळते. आजार एकच, पेशंट एकच. पण पहिल्या प्रश्नानं "खाल्ल्यानं पेशी वाढतात" हे आधीच गृहीत धरलंय, त्यामुळे मशीन त्याच गृहीताला माल पुरवतं.

आता क्लिनिकल बाजू जोडा, नाहीतर हा नुसता शब्दांचा खेळ राहील. डेंग्यूमध्ये धोका वाढतो तो साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, बऱ्याचदा ताप उतरायला लागल्यावर, कारण रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) बाहेर झिरपतो. घरचे मात्र "ताप उतरला" म्हणून निर्धास्त होतात आणि रोज पेशींचा आकडा मोजत बसतात. त्या वेळी घरच्यांना लागते ती धोक्याच्या लक्षणांची यादी, पुरेसं पाणी-पेय आणि "अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका" ही सूचना. वहीतल्या "निगेटिव्ह आला तरी" या प्रश्नाचं उत्तरही इथेच द्या: एनएस-१ चाचणी (विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या काही दिवसांत उपयोगी, आयजीएम (शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं) साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. चाचणी कोणत्या दिवशी केली हे न विचारता "निगेटिव्ह"चा अर्थ लावता येत नाही.

मुलींना सवय लावायची ती ही: पेशंटचा प्रश्न आहे तसा ऐकायचा, पण शोधताना त्यातलं गृहीत काढून टाकायचं. "पपईनं पेशी वाढतात का" ऐवजी "डेंग्यू घरी काळजी". वहीतले आणखी दहा प्रश्न असे फिरवून लिहायला द्या.

तपासा: मुलीला "पांढरं जातं" आणि "अंगावर जातं" यातला फरक कळतो का? एक पांढरा स्राव, दुसरा रक्तस्राव. बाई काय म्हणतेय तेच कळलं नाही तर शोध चुकीच्याच दिशेनं जाणार. शहरात वाढलेल्या मुली इथे हमखास अडखळतात.

## ३. पान सोडून बाहेर बघायला शिकवा

जुनी पद्धत अशी: वेबसाइट उघडायची आणि तिच्यावरच तपासणी यादी चालवायची. लेखकाचं नाव आहे का, संपर्क आहे का, डिझाइन नीट आहे का. हे आता चालत नाही. पांढरा कोट, स्टेथोस्कोप आणि "डॉ." हे सगळं कोणीही लावू शकतं. पानावर बसून पान तपासायचं नाही, दुसरा टॅब उघडायचा.

दुसऱ्या टॅबमध्ये तीनच गोष्टी.

सांगणारा कोण? डॉक्टरचं नाव असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत शोधता येतं. साइट सरकारी आहे असं म्हणत असेल तर पत्त्याचा शेवट वाचायचा. सुरुवातीच्या "एचटीटीपीएस"नंतरच्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी "गव्ह डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असेल तर सरकारी. तेच शब्द मध्ये कुठेतरी असून शेवटी "डॉट कॉम" असेल तर नाही. फळ्यावर पाच खरे-खोटे पत्ते लिहा आणि प्रत्येकीला उठून शेवटच्या तुकड्याखाली रेघ मारायला लावा. बसल्या जागी "हो मॅडम, कळलं" म्हणणाऱ्यांपैकी किती जणी भलतीकडेच रेघ मारतात ते बघण्यासारखं असतं.

दुसरं कोण हेच सांगतंय? जागतिक आरोग्य संघटना, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक सूचना, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं मेडलाइनप्लस. तिन्हीकडे नसलेली गोष्ट फक्त एका चॅनलवर असेल तर पेशंटला सांगायची नाही.

कधीचं आहे? यासाठी ओआरएसचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) गोड पेयांच्या खोक्यांवर "ओआरएस" हे नाव वापरायला मनाई केली, पण त्या पेयांची तारीफ करणारे जुने व्हिडिओ अजून फिरतायत. व्हिडिओ खोटा नसतो, शिळा असतो.

एखादी हुशार मुलगी पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या सूचीतून पपईच्या पानांवरचा अभ्यास शोधून आणेलच. तिला गप्प करू नका. लहान-लहान अभ्यास झालेले आहेत हे मान्य करा आणि विचारा: किती लोकांवर? की उंदरांवर? फक्त पेशींचा आकडा बघितला की माणूस गंभीर होणं कमी झालं का तेही बघितलं? या प्रश्नांनी जेवढं शिकून होतं तेवढं माझ्या तासाभराच्या बडबडीनं होत नाही.

आता चॅटबॉट. मुली ते वापरतात, तुम्ही बंदी घातलीत तर टेबलाखाली वापरतील. त्यापेक्षा वर्गात उघडा. एकच प्रश्न मराठीतून आणि इंग्रजीतून विचारायला लावा, दोन उत्तरांतला फरक लिहून काढायला लावा. मग संदर्भ मागायला सांगा आणि दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर शोधायला सांगा. एखादा तरी सापडत नाही असं बऱ्याचदा होतं, आणि तो ज्या ठसक्यात दिलेला असतो ते बघून वर्ग हसतो. ते हसू लक्षात राहतं.

थांबा: चॅटबॉटमध्ये पेशंटचं नाव, रिपोर्टचा फोटो, केस पेपर टाकायचा नाही. केस प्रेझेंटेशन "सोपं" करण्यासाठी हे सर्रास चालतं. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

## ४. आकडे, एकक आणि औषधांची नावं

हा टप्पा कोणाच्याच पीपीटीत नसतो, आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. मुलींनी विश्वासार्ह पान शोधलेलं असतं, पण ते परदेशातलं असतं.

ब्रिटिश पानावर उपाशीपोटी साखर ५.६ लिहिलेली असते. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर १०१. माझी एक विद्यार्थिनी पेशंटला सांगून आली होती, "काका, नॉर्मल पाच असते, तुमची शंभरच्या वर आहे." काका दोन दिवस जेवले नाहीत. दोन्ही आकडे एकच होते: एक मिलीमोल प्रति लिटरमध्ये, दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ग्लुकोजसाठी मिलीमोलला १८ ने गुणा. ७.० म्हणजे १२६. आणि हा १८ फक्त ग्लुकोजपुरता, कोलेस्टेरॉलचा गुणक वेगळा, सुमारे ३८.७. एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) तर तिकडे ४८ लिहितात, इकडे ६.५ टक्के. दहा आकडे देऊन तोंडी फेरी घ्या. कॅल्क्युलेटर चालेल, एकक न वाचता उत्तर दिलं तर चालणार नाही.

नावांचंही तसंच. अमेरिकन पानावर अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे सालब्युटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे अ‍ॅड्रेनालिन. त्यातून घरातला गोंधळ वेगळाच: डोलो, क्रोसिन आणि कॅल्पोल ही तीन औषधं समजून लोक आलटून पालटून घेतात. तिन्हींत पॅरासिटामॉलच. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या झाल्या की मर्यादा आलीच. मुलींना रिकाम्या स्ट्रिप आणायला सांगा आणि ब्रँडखालचं बारीक अक्षरातलं नाव मोठ्यानं वाचायला लावा. चष्मा नसलेल्या आजोबांना ते दिसत नाही, म्हणून फोनचा कॅमेरा झूम करून वाचायला शिकवायचं. डिजिटल साक्षरतेत हेही येतंच, भले त्यात इंटरनेट नसेल.

ओआरएसचं पाकीटही असंच फसवतं. साधारण २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्याचं, चार-सव्वाचार ग्रॅमचं छोटं २०० मिलीचं. व्हिडिओतली बाई "एक पाकीट, एक ग्लास" म्हणते, तिच्या हातात छोटं असतं; आपल्या आरोग्य केंद्रातून मिळतं ते मोठं. लिटरचं पाकीट ग्लासात घातलं तर बाळाला नको इतकं मीठ जातं. दोन्ही पाकिटं आणि मापाचं भांडं वर्गात आणा, करून दाखवायला लावा.

तपासा: प्रत्येकीनं परदेशी पानावरचं एक वाक्य इथल्या पेशंटसाठी मराठीत लिहायचं. एकक, औषधाचं नाव आणि आणीबाणीचा नंबर बदललाय का बघा. "९११ वर फोन करा" असं जसंच्या तसं भाषांतर करणाऱ्या दर वर्षी निघतात. इथे १०८.

## ५. ओटीपी आणि गुप्तता

थोडक्यात, पण कडक.

पोस्टिंगला गेलेल्या मुलीसमोर एक प्रसंग हमखास येतो. आजींच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला, मुलगा महापेच्या कंपनीत ड्युटीवर. मुलगी त्याला फोन लावते: "दादा, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो जरा सांगता का?" हे वाक्य पुन्हा वाचा. फसवणारेही शब्दशः हेच बोलतात. आपण ते एकदा घरात रुळवलं की पुढच्या वेळी भलत्याला ओटीपी सांगताना त्या दादाला काही वावगं वाटणार नाही. म्हणून नियम: फोनवरून ओटीपी मागायचा नाही. दादा घरी असतील त्या दिवशी पुन्हा यायचं. काम एक आठवडा लांबलं तर लांबू द्या. पैसे गेलेच असतील तर १९३० हा नंबर, आणि तो लगेच.

दुसरं, वॉर्डातल्या केस शीटचा फोटो बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं. "नाव झाकलंय मॅडम." खालचा बारकोड, बेड नंबर आणि तारीख तशीच असते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे, पण कायद्याची भीती घालण्यापेक्षा मी विचारते, "हा तुझ्या आईचा पेपर असता तर?"

तिसरं, एका घरात एकच फोन. सुनेच्या टीबीचा किंवा गरोदरपणाचा मेसेज सासऱ्यांच्या फोनवर येतो. नंबर नोंदवण्याआधी विचारायचं, "या नंबरवर आलेलं कोण कोण वाचतं?" आणि हे विचारताना ती बाई एकटी असली पाहिजे.

## ६. आता पोर्टल, आणि तीही मोजकीच

माझी चूक आधी सांगते. २०२३ च्या बॅचला मी आभा कार्ड (आरोग्याचे कागद जोडायचा सरकारी क्रमांक) काढायला शिकवलं. वागळे इस्टेटजवळच्या एका वस्तीत मुलींनी दिवसभरात कितीतरी कार्डं काढून दिली, आम्ही सगळ्या खूश. दोन महिन्यांनी एक काका भेटले. ते ते कार्ड घेऊन एका खासगी हॉस्पिटलात गेले होते, "पाच लाखांपर्यंत फुकट" समजून. आभा आणि आयुष्मान यातला फरक आम्ही एकाही घरात सांगितला नव्हता. काकांनी मला नाही, पण बरोबरच्या मुलीला सुनावलं, आणि ते माझं होतं.

तेव्हापासून क्रम असा: आधी "हे काय करत नाही" सांगायचं, मग "काय करतं".

आभा: १४ अंकी क्रमांक. आपले आरोग्याचे कागद एकमेकांना जोडायचे, संमतीनं डॉक्टरला दाखवायचे, काही रुग्णालयांत क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन घ्यायचं, एवढ्यासाठी. यात एक रुपयाचाही विमा नाही.

आयुष्मान कार्ड: पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, योजनेतल्या रुग्णालयात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वय वंदना कार्ड मिळतं. रुग्णालय योजनेत आहे का हे निघण्याआधी १४५५५ वर विचारायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही लोक विचारतील, त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पाठवा.

ई-संजीवनी: घरबसल्या सरकारी डॉक्टरचा सल्ला, मोफत. छातीत दुखतंय, धाप लागलीय, बाळ निपचित पडलंय, अशा वेळी हे उघडायचं नाही, १०८ लावायचा. शिवाय टेलिमेडिसिनच्या २०२० च्या नियमांनुसार काही औषधं अशा सल्ल्यावर लिहून देताच येत नाहीत, नार्कोटिक गटातली त्यातलीच.

यू-विन बाळाच्या लसीच्या नोंदीसाठी, निक्षय टीबीसाठी, टेली-मानस १४४१६ मानसिक त्रासासाठी. हे तिन्ही नावापुरते सांगून सोडा, गरज असलेल्या घरातच उघडा.

तपासा: दोघींनी समोरासमोर बसायचं. एक काका, एक सिस्टर. काकांचा प्रश्न: "हे कार्ड दाखवलं की पैसे लागणार नाहीत ना?" सिस्टरनं तीस सेकंदांत, न अडखळता, इंग्रजी शब्द न पेरता उत्तर द्यायचं. जमलं नाही तर ती पोस्टिंगला पोर्टल शिकवणार नाही, फक्त चौथ्या टप्प्यातलं औषधाचं काम करेल.

## ७. पोस्टिंग: फोन पेशंटच्या हातात

एक नियम आणि त्याची अंमलबजावणी: मुलीचे हात पाठीमागे. मी खरंच हात मागे बांधून उभं राहायला सांगते. बोटानं दाखवायचं असेल तर स्क्रीनपासून वीतभर लांबून.

एका भेटीत एकच कौशल्य. जमेल त्या घरी असं चालतं:

"आजी, तो निळा चौकोन दिसतो का?"
"दोन दिसतायत गं पोरी."
"वरचा. त्याच्यावर हलकेच बोट टेकवा. दाबू नका."
"काही होईना."
"बोट ओलं आहे का? पदराला पुसा बरं."

इथे मुलीचा हात शिवशिवतो. आजींना चार मिनिटं लागतात, तिला दहा सेकंद. तरी थांबायचं. टाइप करणं कठीण असेल तर माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोलायला शिकवा. बऱ्याच आजी तिथून सुटतात, फक्त सुरुवातीला त्या फोनशी फार मोठ्यानं बोलतात.

शेवटी "कळलं का?" विचारायचं नाही. त्याचं उत्तर नेहमी "हो"च असतं. विचारायचं असं: "आजी, संध्याकाळी सूनबाई आल्या की त्यांना हे कसं सांगाल? मला सांगून दाखवा." जिथे अडतील तेवढाच भाग पुन्हा. आणि अडल्या तर "तुम्हाला कळलं नाही" असं म्हणायचं नाही, "मी नीट सांगितलं नाही" म्हणायचं.

थांबा: आशाताईंना डावलून घरात शिरू नका. त्या तिथे वर्षभर असतात, आपण एक आठवडा. शिकवलेलं नंतर त्याच निस्तरतात.

## ८. परीक्षा कशी घ्याल

लेखी घेऊ नका. ओएससीईसारखं (प्रत्यक्ष करून दाखवायच्या परीक्षेसारखं) एक स्टेशन लावा: जुना फोन, वहीतला एक नवा प्रश्न आणि पेशंट म्हणून बसलेली एखादी मावशी. मी कॉलेजच्याच मावशींना बसवते, त्या अभिनय करत नाहीत, खरंच अडतात. पंधरा मिनिटं. बघायचं ते असं: प्रश्नातलं गृहीत काढलं का, दुसरा टॅब उघडला का, एकक आणि नाव तपासलं का, शेवटी सांगून दाखवायला लावलं का. ओटीपी मागितला किंवा फोन हातात घेतला तर तिथेच नापास, बाकी कितीही छान असो. पहिल्या दिवशीचा चार ओळींचा कागद आता परत द्या आणि त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा लिहून घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की गुण देणं सोपं जातं.

यानंतर दहा-पंधरा दिवसांनी एक फेरभेट ठेवा. त्याच घरी, त्याच मुली, आणि फक्त एक वाक्य: "आजी, मागच्या वेळचं उघडून दाखवता?" फेरभेटीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. एका वर्षी मी ती गणपतीच्या आठवड्यात ठेवली आणि किसननगरच्या निम्म्या खोल्यांना कुलूप होतं, सगळे कोकणात. आता मी अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार धरते, आणि सकाळी पाणी येऊन गेल्यावर, अकराच्या सुमाराला आम्ही निघतो.